चुंबकाचा ठोका आणि दादाचे बोट

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आमच्या घरात दिवे मालवल्यावर वाचायची मुभा एकट्या दादाला होती. तो तीन वर्षांचा असताना त्याला देवी आल्या आणि त्यात दोन्ही डोळे गेले. सहाव्या वर्षी तो अंधशाळेत गेला, ब्रेल शिकला, आणि सुट्टीत घरी आला की रात्री पांघरुणात जाडजूड पुस्तक घेऊन डाव्या हाताच्या तर्जनीने वाचत पडे. मी त्याच्याहून चार वर्षांनी लहान. मला त्याचा हेवा वाटे. ‘डोळे बिघडतील, झोप आता,’ असे आई मला दटावायची. त्याला कोण काय म्हणणार? कागदावरून सरकणाऱ्या बोटाचा बारीक खर्रखर्र आवाज ऐकत मी झोपी जात असे.

पुढे मी शरीरक्रियाशास्त्र शिकले आणि वैद्यकीय महाविद्यालयात तीस वर्षे तोच विषय शिकवला. मेंदूची आकृती फळ्यावर काढायची, डोक्याच्या मागच्या बाजूला येणारा भाग रंगीत खडूने भरायचा आणि ‘हा दृष्टीचा’ म्हणून सांगायचे, हे दरवर्षी ठरलेले. एकदा घरी मी त्याचीच तयारी मोठ्याने वाचून करत होते. दादा ऐकत होता. त्याने विचारले, ‘‘म्हणजे माझ्या डोक्यातली ती खोली कुलूप लावून ठेवलीय का गं?’’ मी म्हणाले, ‘‘हो, तसंच काहीसं.’’

हे उत्तर चूक होते. ते चूक आहे हे कळायला ज्या तंत्राची मोठी मदत झाली, त्याविषयी आज मला आपल्याशी बोलायचे आहे. त्याचे नाव लांबलचक आहे : ट्रान्सक्रॅनियल मॅग्नेटिक स्टिम्युलेशन. सगळे जण टीएमएस म्हणतात, आपणही तसेच म्हणू. कवटी न उघडता, बाहेरून चुंबकाच्या साहाय्याने मेंदूचा एखादा भाग चेतवायचा, एवढाच त्याचा अर्थ.

यामागचे तत्त्व शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकात आहे. मायकेल फॅरेडेने १८३१ साली दाखवून दिले की, चुंबकीय क्षेत्र बदलले की जवळच्या वाहकात वीज निर्माण होते. सायकलचा डायनॅमो याच तत्त्वावर चालतो. आता वाहक म्हणून तारेऐवजी मेंदू आहे असे समजा. डोक्याजवळ तांब्याच्या तारेचे वेटोळे धरायचे आणि त्यातून क्षणभर प्रचंड वीजप्रवाह सोडायचा. किती प्रचंड? आपल्या घरचा गिझर १५ अँपिअरच्या प्लगवर चालतो. इथे काही हजार अँपिअर लागतात. पण ते एका सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळ. त्यातून दीड-दोन टेस्लाचे चुंबकीय क्षेत्र उमटते आणि लगेच विरते. उमटणे आणि विरणे, हा बदलच महत्त्वाचा. एमआरआयच्या यंत्रातही एवढेच जोरदार क्षेत्र असते, पण ते स्थिर असते, म्हणून तिथे निवांत पडून राहिलेल्या माणसाचा अंगठा उडत नाही.

विजेने मेंदू चेतवण्याचे प्रयत्न आधीही झाले होते. १९८० साली मर्टन आणि मॉर्टन या इंग्लंडमधील शास्त्रज्ञांनी टाळूवर विद्युतअग्र लावून, जोराचा धक्का देऊन हात हलवून दाखवला. पण हाड विजेला अडवते आणि त्वचेच्या वेदनातंतूंना मात्र तिचा पुरेपूर चटका बसतो. दुसऱ्यांदा कोण बसणार त्या खुर्चीत? चुंबकीय क्षेत्राला हाडाचा अडसर होत नाही. १९८५ साली शेफिल्डच्या अँथनी बार्कर यांनी आपल्या सहकाऱ्यांसह हे यशस्वीपणे करून दाखवले. वेटोळे टाळूवर धरले, कळ दाबली आणि समोरच्या माणसाचा हात हलला. त्याला वेदना जवळजवळ नव्हतीच. पुढे जपानमधील उएनो यांनी इंग्रजी आठच्या आकड्यासारखे जोडवेटोळे वापरले. त्यामुळे ठोका अधिक नेमक्या जागी देता येऊ लागला.

मी स्वतः त्या खुर्चीत बसले आहे. १९९९ साली सहा महिन्यांसाठी इंग्लंडला जायची संधी मिळाली होती. तिथल्या एका प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांसाठी प्रात्यक्षिक होते आणि स्वयंसेवक हवा होता. आधी त्यांनी प्रश्नांची लांबलचक यादी विचारली. कधी फिट आली होती का? डोक्यात धातूचा तुकडा, हृदयाला पेसमेकर, काही आहे का? मग सही घेतली, कानांत बोळे घालायला दिले. वेटोळे डोक्याच्या डाव्या बाजूला टेकवले. ‘टक्’ असा आवाज झाला, टाळूवर टिचकी मारल्यासारखे वाटले आणि माझ्या उजव्या हाताचा अंगठा उडाला. मी उडवला नव्हता! तीस सेकंदांनी पुन्हा टक्, पुन्हा अंगठा. शरीरक्रियाशास्त्राच्या प्राध्यापिकेला यात नवल वाटायचे कारण नाही, पण खरे सांगते, माझ्या पोटात गोळा आला. आपला अंगठा आपल्याला न विचारता दुसऱ्याचे ऐकतो, ही गोष्ट पुस्तकात वाचणे वेगळे आणि प्रत्यक्ष पाहणे वेगळे.

नंतर वेटोळे डोक्याच्या मागच्या बाजूला नेले. खोलीत अंधार केला होता, मी डोळे मिटले होते, तरीही डाव्या कोपऱ्यात एक फिकट झबका चमकून गेला. बाहेर प्रकाश नाही, डोळ्यात प्रकाश नाही, आणि तरी ‘दिसले’. त्या क्षणी मला दादाची आठवण झाली.

आता मुख्य मुद्द्याकडे वळते. गेल्या काही दशकांत मेंदूची चित्रे काढणारी यंत्रे आली. माणूस बोलत असताना, मोजत असताना मेंदूचा कोणता भाग अधिक कामात आहे, ते रंगांत दिसते. वर्तमानपत्रांत ती चित्रे आपण पाहतो आणि ‘मेंदूतले प्रेमाचे केंद्र सापडले’ असले मथळे वाचतो. माझा या मथळ्यांवर राग आहे. जुन्या वाड्यात संध्याकाळी स्वयंपाकाच्या वेळी माजघरातही दिवा लागलेला असतो. म्हणून भाकऱ्या माजघरात भाजल्या जातात असे कुणी म्हणेल का? भाकरी कुठे भाजली जाते हे पाहायचे तर एकेका जागचा विस्तव घटकाभर विझवावा आणि भाकरी कच्ची राहते का ते पाहावे.

संशोधनात टीएमएस नेमके हेच काम करते. एखादा भाग काम करत असतानाच त्याला ठोका द्यायचा, म्हणजे त्या कामात क्षणभर गोंधळ उडतो. काम बिघडले तर तो भाग त्या कामाला हवाच होता असे म्हणायला आधार मिळतो. पूर्वी हे ज्ञान अपघातात किंवा पक्षाघातात मेंदूला इजा झालेल्या रुग्णांकडूनच मिळे. इथे इजा नाही, गोंधळ ओसरला की माणूस होता तसा. आणि वेळही नेमकी पकडता येते. १९८९ साली अमेरिकेतील अमासियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वयंसेवकांना क्षणभर अक्षरे दाखवली आणि नंतर वेगवेगळ्या अंतराने डोक्याच्या मागच्या भागावर ठोका दिला. ठोका लगेच दिला तर अक्षरे दिसत, बऱ्याच उशिराने दिला तरी दिसत. पण अक्षरे दाखवल्यानंतर ८० ते १०० मिलिसेकंदांनी दिला तर ती पुसट होत किंवा गायबच होत. म्हणजे दृष्टीचा तो भाग साधारण त्या वेळी आपले काम उरकत असतो. एका सेकंदाचा दहावा भाग!

आता दादाच्या बंद खोलीकडे येऊ. १९९६ साली सादातो आणि इतर शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केले की, लहानपणीच अंध झालेली माणसे ब्रेल वाचत असताना त्यांच्या मेंदूचा दृष्टीचा भाग चित्रात उजळतो. बातमी मोठी होती, पण शंका तीच : हा माजघरातला दिवा की चुलीतला विस्तव? कदाचित ती खोली उगाच उजळत असेल, वाचनाशी तिचा संबंध नसेल.

पुढच्याच वर्षी, १९९७ मध्ये, लिओनार्डो कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विस्तव विझवून पाहिला. लहान वयात अंध झालेली माणसे बोटाने ब्रेल अक्षरे ओळखत होती. त्याच वेळी त्यांच्या डोक्याच्या वेगवेगळ्या जागी ठोके दिले. दृष्टीच्या भागावर ठोके पडले की चुका वाढत. माणसांना बोटाखाली ठिपके आहेत हे कळे, पण अक्षर लागेना. कुणी म्हणे ठिपका गळाला, कुणी म्हणे नसलेला ठिपका लागतोय. डोळस माणसांना उठावाची रोमन अक्षरे चाचपायला देऊन तसेच ठोके दिले, तर त्यांच्या स्पर्शाला काहीही झाले नाही.

ठिपका गळणे म्हणजे काय, हे ब्रेल न जाणणाऱ्यांसाठी सांगते. ब्रेलच्या एका घरात सहा ठिपक्यांच्या जागा असतात. मराठी ब्रेलमध्ये ‘न’ला चार ठिपके आणि ‘म’ला तीन. ‘न’मधला पाचव्या जागेचा ठिपका गेला की ‘म’ उरतो. ‘र’मधला तोच ठिपका गेला की ‘ल’ होतो. एका ठिपक्यावर सगळे अवलंबून.

याच सुमारास निसर्गानेही असाच एक क्रूर प्रयोग केला. २००० साली हॅमिल्टन, पास्कुअल-लिओन आदींनी एका जन्मांध स्त्रीची हकीकत प्रसिद्ध केली. उत्तम ब्रेल वाचणारी बाई. मेंदूच्या मागच्या भागाला, दोन्ही बाजूंना, पक्षाघात झाला. बोटांची संवेदना शाबूत, वस्तू चाचपून ओळखता येत, पण ब्रेल वाचता येईना. डोळ्यांचा कधीही उपयोग न झालेली बाई ‘दृष्टीचा’ भाग गेल्यामुळे निरक्षर झाली.

आणखी एक गोष्ट कोहेन यांच्याच गटाने १९९९ मध्ये दाखवली. चौदाव्या वर्षानंतर अंध झालेल्यांत दृष्टीच्या भागावर ठोका दिला तर ब्रेल वाचनावर तसा परिणाम दिसला नाही. खोलीची ही अदलाबदल बहुधा लहानपणीच होते.

इंग्लंडहून परतल्यावर मी हे दादाला सांगितले. तो जरा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, ‘‘म्हणजे खोली बंद नव्हती. बोटाला भाड्याने दिली होती. आणि इतकी वर्षं तू मला सांगत होतीस कुलूप आहे म्हणून!’’

टीएमएसचा उपयोग केवळ गोंधळ उडवण्यासाठी होतो असे नाही. हात हलवणारा मेंदूतला प्रदेश केवढा आहे, हे टाळूवर जागोजागी ठोके देऊन नकाशासारखे मोजता येते. पास्कुअल-लिओन यांनी १९९५ साली पियानोचा एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. वाद्य न येणाऱ्या माणसांना पाच बोटांचा एक साधा धडा दिला. पाच दिवस, रोज दोन तास सराव. दररोज ठोके देऊन बोटांचा प्रदेश मोजला, तर तो वाढत गेलेला दिसला. हे अपेक्षितच होते. पण दुसऱ्या एका गटाने बोट न हलवता, मनातल्या मनात तोच सराव केला होता. त्यांचाही प्रदेश तसाच वाढला! वाजवण्यात ते मागे होते, पाच दिवसांनंतर त्यांचे वाजवणे दुसऱ्या गटाच्या तिसऱ्या दिवसाइतके होते. पण पेटीवर, म्हणजे पियानोवर, दोनच तास प्रत्यक्ष सराव मिळताच त्यांनी ती तूट भरून काढली. प्रवासात डोळे मिटून रियाज करणाऱ्या आपल्या गायक-वादकांना हे सांगायची गरज नसावी.

तसेच इटलीच्या मासिमिनी आणि सहकाऱ्यांचे काम. त्यांनी ठोका दिल्यावर मेंदूत उठणारे तरंग टाळूवरील विद्युतअग्रांनी टिपले. जाग्या माणसात तरंग दूरच्या भागांपर्यंत पोचतात. गाढ झोपेत मात्र ते जागच्या जागी उठून विरतात, हे त्यांनी २००५ साली दाखवले. त्यावरून पुढे २०१३ मध्ये एक निर्देशांक मांडला गेला. हाक मारली तरी ओ न देणाऱ्या रुग्णाच्या आत कुणी जागे आहे का, याचा अंदाज घ्यायला त्याची मदत होते. ज्यांच्या घरात असा रुग्ण आहे, त्यांना या एका वाक्याचे मोल कळेल.

आता दुसरी बाजू. ठोका फार खोल जात नाही, साधारण दोन-तीन सेंटिमीटर. आतल्या भागांपर्यंत थेट पोचता येत नाही. शिवाय एका जागी दिलेल्या ठोक्याचे पडसाद जोडलेल्या इतर जागी उमटतात, त्यामुळे ‘हीच ती जागा’ असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. ‘टक्’ आवाज आणि टाळूवरची टिचकी यांनीच माणूस विचलित होतो, म्हणून प्रत्येक प्रयोगात खोटा ठोका देऊन ताळा करावा लागतो. ठोक्यांच्या मालिका देऊन मेंदूची उत्तेजकता काही काळ वाढवता-घटवता येते, असे २००५ नंतर फार उत्साहाने मांडले गेले. २०१३ साली पन्नासाहून अधिक माणसांवर ते पडताळून पाहिले, तर कुणात वाढ, कुणात घट, सरासरी काढली तर काहीच नाही. हा निकाल प्रसिद्ध करणाऱ्यांचे मला कौतुक वाटते.

आणि धोका? सुरुवातीच्या काळात, वेगाने आणि जोराने ठोके दिल्यामुळे काही निरोगी स्वयंसेवकांनाही फिट आली. त्यानंतर १९९६ साली अमेरिकेत तज्ज्ञ एकत्र बसले, किती जोर, किती वेग, किती वेळ याच्या मर्यादा ठरल्या आणि १९९८ मध्ये प्रसिद्ध झाल्या. २००९ आणि २०२१ साली त्या सुधारल्या. या मर्यादा पाळल्या तर फिट येणे आता दुर्मीळ आहे. उपचार म्हणून औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्यावर टीएमएस वापरायला अमेरिकेने २००८ साली परवानगी दिली. भारतातही ते उपचार होतात. पण मुलांची स्मरणशक्ती वाढवून देतो म्हणून कुणी चुंबकाची टोपी विकायला आले तर त्याला दारातूनच परत पाठवा.

हे सगळे सांगायचे एक घरगुती कारण आहे. २०२३ च्या पावसाळ्यात दादाचे डोके एकाएकी फार दुखू लागले. रुग्णालयात नेले. एमआरआयमध्ये उजव्या बाजूला, मेंदूच्या मागच्या भागात पक्षाघाताचा लहानसा डाग दिसला. हातपाय ठीक, बोलणे ठीक. तरुण डॉक्टर मला धीर देत म्हणाला, ‘‘मॅडम, नशीब म्हणायचं. झटका बसला तो दृष्टीच्या भागाला. काकांना त्याचा काही फरक पडणार नाही.’’

मला त्याचा राग आला नाही. अशाच मुलांना मी कितीतरी वर्षे तेच शिकवले होते.

मी त्याला एवढेच म्हटले, ‘‘यांना वाचता येतं का ते पाहायचं राहिलंय.’’ त्याला कळेना. मी दादाच्या पिशवीतून पुस्तक काढले. आधी डॉक्टरने कापूस आणि टाचणी लावून बोटांची संवेदना पाहिली. ती चांगली होती. दादाने रुपयाचे आणि पाचाचे नाणे चाचपून ओळखले. मग मी त्याचे डावे बोट पहिल्या ओळीवर ठेवले. आयुष्यभर भराभर वाचणारा माणूस दुसऱ्या शब्दावर अडला. ‘नदी’ला ‘मदी’ म्हणाला. मागे गेला, पुन्हा ‘मदी’. मग चिडून म्हणाला, ‘‘कागद जुना झालाय, ठिपके बसलेत.’’ पुस्तक त्याच महिन्यात आले होते.

डॉक्टर बराच वेळ त्या बोटाकडे पाहत उभा राहिला. मग त्याने केसपेपर मागवून घेतला आणि ‘ब्रेल वाचण्यात अडचण’ असे स्वतःच्या हाताने लिहिले.

एका माणसावरून काही सिद्ध होत नाही, हे मी विद्यार्थ्यांना सांगत आले आणि आपल्यालाही सांगते. दादाचे वय बहात्तर होते, आजारपणाचा थकवा होता. शिवाय डाग एकाच बाजूला. घरी आल्यावर त्याने विचारलेच, ‘‘तुझ्या त्या चुंबकानं बरं होईल का गं?’’ मी नाही म्हणाले. पक्षाघातानंतर हात, वाचा यांसाठी टीएमएसवर संशोधन चालू आहे, पण ब्रेलसाठी असा काही सिद्ध झालेला उपचार नाही. त्यात पक्षाघात झालेल्या मेंदूला फिटची भीती अधिक. सराव हाच उपाय. तो म्हणाला, ‘‘मग अंधशाळेतली पहिली इयत्ता पुन्हा.’’

आता रोज सकाळी तो अर्धा तास मोठ्या ठिपक्यांचे बालवाचनाचे पुस्तक वाचतो आणि नंतर मला फोन करतो. परवाच्या फोनवर म्हणाला, ‘‘आज अख्खं पान झालं. ‘न’चे ‘म’ तीनच झाले.’’